माळ्यावरचे सात दिवस

पाडव्याला सरकारने मास्कची सक्ती उठवली आणि तिसऱ्याच दिवशी दुकानात एक बाई मला म्हणाल्या, "काका, आता तरी तोंड दाखवा की! साडी कोण विकतंय ते तरी कळू दे." सगळी गादी हसली. मला काही हसू आलं नाही. मी म्हटलं, "बाई, शालू बघायला आलात की माझं तोंड?" बाई उठल्या, चप्पल घातली आणि समोरच्या दुकानात गेल्या.

माझी जीभ अशीच आहे. आई म्हणायची, हा जन्माला येतानाच भांडत आला. दादरच्या हिंदमात्याला, कापडबाजारातल्या साडीच्या दुकानात गादीवर बसून मला तेव्हा एकतीस वर्षं झाली होती. वडील गिरणीत. गिरणीचं काही खरं नाही असं दिसायला लागलं तेव्हा मला नुकतं मिसरूड फुटलं होतं, आणि कुणाच्या तरी ओळखीने मी इथे चिकटलो. काम काय, तर पांढऱ्या चादरीवर मांडी घालून बसायचं, समोरच्या बायकांपुढे घडीवर घडी मोडायची, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवायचा, आणि त्या "बघून येतो हां" म्हणत निघून गेल्या की निमूट सगळ्या घड्या परत घालायच्या. निमूट हे बाकीच्यांसाठी. मी बडबडत घालतो.

मास्क न काढण्याचं कारण घरी होतं. लालबागला चाळीत आमची एक खोली आहे. आम्ही दोघंच. मूलबाळ झालं नाही, आणि पन्नाशी उलटल्यावर त्याचं काही वाटेनासं झालं होतं. त्या वर्षी जानेवारीत बायकोच्या छातीत गाठ निघाली. परळच्या हॉस्पिटलात केमो सुरू झाला. दर तीन आठवड्यांनी एक डोस, असे सहा झाले की मग ऑपरेशन. तिथली डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची, पण बोलायला एकदम सरळ. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, डोसनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात यांच्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा कोविड झाला तर जिवावर बेतू शकतं. सक्ती उठलीय, कोविड उठलेला नाही. आमच्याकडे अजून पेशंट येतायत. आणि ताप शंभरच्या वर गेला, की थांबायचं नाही, तासाभरात इथे."

जगात मला एकच माणूस आहे. ते माणूस मी घरी नेलेल्या कोविडने जायला नको, एवढं एकच त्या उन्हाळ्यात माझ्या डोक्यात होतं. बाकी मुंबई सुटली होती. दोन वर्षं तुंबलेली लग्नं एकदम निघाली, वाजंत्री, वराती, हळदी, सगळं सुरू. आणि मी कामावरून आलो की गॅलरीच्या टोकाच्या न्हाणीत आधी आंघोळ करायचो, मग मास्क लावून घरात शिरायचो, आणि जेवायला ताट घेऊन बाहेर गॅलरीत यायचो. झोपायचोही गॅलरीतच. ती आतून ओरडायची, "तुमी काय वाळीत टाकलेले आसास काय?" मी म्हणायचो, हो.

शेजारणीशी तर माझं चांगलंच वाजलं. ही बाई साताऱ्याकडची, म्युनिसिपाल्टीच्या दवाखान्यात आया होती, आता निवृत्त. पंचवीस वर्षं आमचा दरवाजा आणि तिचा दरवाजा यांच्यात एका हाताचं अंतर. मी तिला वहिनी म्हणतो. तिच्या नातवाचं बारसं निघालं, तेही नेमकं आमच्या तिसऱ्या डोसनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात. गॅलरीत पन्नास माणसं, एकाच्या तोंडावर मास्क नाही. मी दारात उभा राहून ओरडलो, "इथे माणूस मरणाला टेकलंय आणि तुम्ही पेढे वाटताय!" तिची सून रडत आत गेली. दुसऱ्या दिवसापासून वहिनीकडून आमच्या घरात भाकरी यायची ती थांबली. माझी बायको मला म्हणाली, "तुमच्या तोंडाक मास्क नको, कुलूप व्हया." तिचं खरं होतं, पण मी कबूल केलं नाही.

दुकानात शेठशीही तेच. शेठ कच्छी, बापाच्या काळापासूनचं दुकान. त्यांनी एकदा शांतपणे सांगितलं, "भाई, दोन वर्षांनंतर सीझन आलाय. मास्कवाला माणूस बघून गिऱ्हाइकाला वाटतं, इथे कुणी आजारी आहे." मी म्हटलं, "मग मला काढून टाका." ते म्हणाले, "तुला काढला तर मला शिव्या कोण देणार?" आणि दुसऱ्या दिवशी माझी गादी आतल्या झगमगाटातून उचलून थेट दाराजवळ मांडली. मी मनातून पेटलो. एकतीस वर्षं गादीवर बसलेल्या माणसाला चपलांजवळ बसवलं! माझ्या जोडीदाराला मी म्हटलं, "बघितलंस? अपमान केला." जोडीदार म्हणजे माझ्या शेजारच्या गादीवरचा, नायगावच्या चाळीतला. आम्ही दोघं एकाच महिन्यात कामाला लागलो. तो जयंतीच्या मिरवणुकीत निळा फेटा बांधून नाचतो आणि माझ्या गणपतीला मोदक हाणतो. तो म्हणाला, "ए मालवणी, डोकं आहे का रे तुला? दाराजवळ हवा आहे. त्यांनी तुझ्या बायकोसाठी केलंय ते." मी त्यालाही झापलं.

आता माझी चूक सांगतो. अशी चूक गादीवर बसणाराच करू शकतो. रेशीम खरं की खोटं हे ओळखायची आमची जुनी रीत आहे. पदराच्या आतल्या टोकाचा एक धागा ओढायचा, काडी लावायची, विझवायचा आणि हुंगायचा. खरं रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो. भेसळ असेल तर कागद जळल्यासारखा, नाहीतर प्लास्टिकचा. हिंदमात्यात या बाबतीत माझ्या नाकाचं नाव होतं. बाजूच्या दुकानातली माणसंसुद्धा धागा घेऊन माझ्याकडे यायची. आणि हुंगायचं तर मास्क खाली घ्यावा लागतो. इथे मी शेण खाल्लं. दिवसभर मास्क, साबण, आंघोळ, गॅलरीत झोपणं, सगळं करणारा मी, दर दुसऱ्या गिऱ्हाइकाला मास्क हनुवटीवर ओढून धागा हुंगत होतो, आणि त्याच धाग्यावर आई, मावशी, नवरी आणि नवरीची मैत्रीण डोकी वाकवून हुंगत होत्या. मास्क काढला असं मला वाटायचंच नाही. ते कामच होतं ना.

मे महिन्यात एक दिवस दुपारी लग्नाचं मोठं गिऱ्हाईक आलं. सात बायका, एक नवरी. नवरीच्या आईला अस्सल रेशीमच हवं होतं. नवीन आलेल्या मालातला मोरपंखी शालू त्यांना आवडला. मी ऐटीत धागा ओढला, काडी लावली, विझवला, हुंगला. काहीच नाही. पुन्हा ओढला, पुन्हा जाळला. केस नाही, कागद नाही, काही म्हणजे काहीच नाही. मी शालू बाजूला सारला आणि म्हटलं, "ताई, हा घेऊ नका. यात भेसळ आहे."

शेठ गल्ल्यावरून उठून आले. मी त्यांना गिऱ्हाइकासमोर सुनावलं, "शेठ, पार्सल बघून घेत नाही का तुम्ही? खोटा माल गळ्यात मारलाय तुमच्या." एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक. मी सरळ माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला फोन लावला आणि त्याचा बाप काढला. तो बिचारा शपथा घेत होता. जोडीदाराने माझ्या हातातली राख बोटावर घेतली, चुरगळली. म्हणाला, "अरे, राख बघ ना. काळी आहे, चुरा होतोय. खरं रेशीम आहे हे." मी म्हटलं, "राख गेली खड्ड्यात. माझं नाक एकतीस वर्षांत खोटं बोललेलं नाही."

त्याने स्वतः एक धागा ओढला, जाळला, आणि माझ्या नाकाखाली धरला. मी मान हलवली. तेवढ्यात नवरीची मावशी नाकाला पदर लावून म्हणाली, "शी! केवढा केस जळल्याचा वास सुटलाय दुकानभर."

मी उठलो. देव्हाऱ्यात कापूर होता. हुंगला. नाही. उदबत्तीचा पुडा फोडून नाकाला लावला. नाही. चहाचा ग्लास, नाही. सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं आणि हळूहळू मागे सरकत होतं. शेठनी एकच विचारलं, "बायकोचा डोस कधी झाला?" मी म्हटलं, "आज नववा दिवस."

आणि मग मला सकाळ आठवली. मी तिथेच गादीवर बसलो. त्या सकाळी ती बरी होती. उलट्या थांबल्या होत्या. तिने चहा केला, दोन कप भरले आणि दाराशी बसून मला म्हणाली, "महिनो झालो तुमचा तोंड बघूक नाय. वायच काढा तो मास्क." मी नको म्हणायला हवं होतं. पण डोक्याला रुमाल बांधलेली, भुवया गेलेली माझी बायको माझ्याकडे बघून हसत होती. मी मास्क काढला. आम्ही गुडघ्याला गुडघा लावून चहा प्यायलो. ती म्हणाली, "दाढी पिकली की तुमची." दहा मिनिटं, जास्त नाही. चहाला वास नव्हता हे माझ्या तेव्हा ध्यानातही आलं नाही, इतका मी खूश होतो.

नाक्यावरच्या केमिस्टकडून जोडीदाराने तपासणीचा किट आणला. दुकानामागच्या गल्लीत उभं राहून मी नाकात काडी घातली. दोन रेघा आल्या, लालभडक. मी तिथूनच तिला फोन लावला. काय बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरलो आणि नुसतं म्हटलं, "मला झालाय गं. सकाळी आपण चहा..." मग ती म्हणाली, "माका काय एक झालेला नाय. तुमी थंयच रवा, हंय येव नकात." आणि मग म्हणाली, "तुमी जेवलास काय?" मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि त्या गल्लीत भिंतीला टेकून रडलो.

आता जायचं कुठे? जोडीदाराच्या घरी दहा बाय बारात सहा माणसं आणि दमेकरी वडील. गावी जावं तर बसमध्ये चाळीस जणांना देऊन जाणार. तेवढ्यात शेठ गल्लीत आले, तोंडाला रुमाल बांधून. हातात किल्ली. म्हणाले, "वर माळ्यावर जा. पार्सलं मी एका बाजूला करून घेतो." दुकानाच्या वर माळा आहे, मागच्या गल्लीतून लाकडी जिना, वर एक मोरी, आणि रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी, जिच्यातून गठ्ठे दोराने वर ओढतात. तासाभरापूर्वी मी या माणसाला सात गिऱ्हाइकांसमोर सुनावलं होतं, त्याचा विक्रीचा दिवस मातीत घातला होता. मी म्हटलं, "शेठ, तो शालू खरा होता." ते म्हणाले, "माहीत आहे. वर जा आधी."

सात दिवस मी त्या माळ्यावर काढले. मला स्वतःला काही फार झालं नाही. दोन दिवस अंग मोडून आलं, घसा दुखला, झालं. लशीच्या मात्रा घेतलेल्या होत्या, त्या ज्याने बनवल्या त्याचं भलं होवो. त्रास होता तो डोक्याचा. बांधलेल्या गठ्ठ्यांमध्ये गादी टाकून मी पडायचो आणि हिशोब करायचो की आज दहावा दिवस, आज अकरावा. तिला ताप आला तर तो मी दिलेला असणार, आणि मी इथे.

रोज सकाळी आणि संध्याकाळी मी तिला फोन करायचो. पहिला प्रश्न, "ताप?" ती म्हणायची, "अठ्ठ्याण्णव." किंवा, "सत्त्याण्णव पॉइंट आठ. किती येळा इचारतास?" मागे कसली तरी टिकटिक ऐकू यायची. मी विचारलं, हे काय वाजतंय? म्हणाली, "वैनीच्या घरातलो टीव्ही." मला तर आश्चर्यच वाटलं, वहिनी परत बोलायला लागली? ती म्हणाली, "ती कधी बोलाची थांबली? तुमीच थांबलास."

दुपारी आणि संध्याकाळी खालून जोडीदाराची हाक यायची, "मालवणीऽऽ!" मी खिडकीतून दोर सोडायचो. तो खाली डबा बांधायचा, मी वर ओढायचो. सगळा हिंदमाता बघायचा. एकदा खालून एक बाई म्हणाल्या, "काय हो, वर कोण देव बसवलाय?" जोडीदार म्हणाला, "देव कसला, राक्षस आहे. खाऊ घातलं नाही तर खाली उतरेल." पहिल्या दिवशी त्याने ओरडून सांगितलं, "बायकोने पाठवलंय तुझ्या!" मला एवढं बरं वाटलं! डबा करते म्हणजे ती उभी आहे. उभी आहे म्हणजे ठीक आहे. मी डबा चाटूनपुसून खायचो, चव मातीसारखी का लागेना.

तिसऱ्या दिवशी डब्यात बांगड्याचं तिखलं होतं. आम्हा मालवणी माणसांना हे घट्ट, तिखट कालवण म्हणजे जीव की प्राण, आणि त्यातली झणझणीत वासाची तिरफळं म्हणजे त्या जिवाचा जीव. मला काही म्हणजे काही वास येत नव्हता. पण संध्याकाळी फोनवर मी तिला म्हटलं, "नाक परत यायला लागलं गं. तिरफळाचा वास काय मस्त आलाय तिखल्याला!" तिला बरं वाटावं म्हणून. ती म्हणाली, "होय तर. ताजी मिळाली." तिचा आवाज थोडा खोल होता. मला वाटलं, उन्हाने असेल.

आठव्या दिवशी सकाळी किटवर एकच रेघ आली. तरी पुन्हा एकदा करून बघितलं. एकच. मी माळ्याला झाडू मारला, चादरी धुवायला बांधल्या, आणि हिंदमात्याहून लालबागला चालत निघालो. सव्वा महिन्याचं पोर पहिल्यांदा देवळात न्यावं तसं मला झालं होतं, सगळं नवीन दिसत होतं. चाळीचा जिना एका दमात चढलो.

आमच्या दाराला कुलूप होतं.

वहिनी तिच्या दारात बसून लसूण सोलत होती. तोंडाला मास्क. माझ्याकडे बघितलं आणि स्टूल पुढे सरकवलं. म्हणाली, "बसा भावजी. आधी बसा. ती बरी आहे. हॉस्पिटलात आहे. उद्या सोडणारेत."

मी उभाच. ती म्हणाली, "तुमचा फोन आला त्यानंतर त्याच दुपारी ताप भरला तिला. मला हाक मारली. मी टॅक्सी केली, अर्ध्या तासात परळला. कोविडच निघाला, दोन-तीन दिवस आधीच लागलेला. डॉक्टरणीने सांगितलं, वेळेत आणलंत म्हणून निभावलं, उशीर झाला असता तर हातची गेली असती. दोन दिवस वाईट गेले. मग उतरला ताप."

मी म्हटलं, "मी रोज फोन करत होतो. ती अठ्ठ्याण्णव सांगायची."

"वॉर्डातून सांगायची. तिनेच सगळ्यांना शपथ घातली. म्हणाली, त्यांना कळलं तर माळ्यावरून उडी मारून येतील, वॉर्डात घुसतील, वॉचमनला मारतील. येतील आणि दहा पेशंटांना देतील. खोटं आहे का?" खोटं नव्हतं. "तुमच्या शेठना माहीत, तुमच्या त्या नायगाववाल्याला माहीत. तो रोज इथून डबा घेऊन आधी तुमच्याकडे, मग हॉस्पिटलच्या गेटावर तिची पेज द्यायला."

"मग डबा?"

"डबा मी करायचे. दुसरं कोण?" वहिनी पहिल्यांदा हसली. "तुमच्या बायकोने फोनवर सांगितलं, त्यांना तिखलं पाठव, नाहीतर संशय येईल. मला कुठं येतंय तुमचं तिखलं! बांगडे हळद, मीठ, तिखटात उकडले आणि दिले पाठवून. आणि तुम्ही म्हणे सांगितलंत, तिरफळाचा वास मस्त आलाय! अहो, तिरफळ मी उभ्या जन्मात बघितलेलं नाही. ती ऑक्सिजनची नळी नाकात घेऊन हसली म्हणे त्या दिवशी. नर्स धावत आली, काय झालं म्हणून."

एकतीस वर्षं खरं-खोटं ओळखायच्या जिवावर भाकरी खाल्ली, आणि सात दिवस सगळ्यांनी मिळून मला चक्क बनवलं. दुसरी कुठलीही वेळ असती तर मी चाळ डोक्यावर घेतली असती. मी तोंड उघडलंही. पण बारशाच्या दिवशी मी हिच्या पाहुण्यांसमोर काय बोललो होतो ते सगळं मला आठवत होतं. शेवटी कसंबसं म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी बारशाला मी..." ती म्हणाली, "ते राहू द्या. लसूण सोलू लागा. संध्याकाळी तिला सार न्यायचंय." मी तिच्या दारात मांडी घालून लसूण सोलला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हातात कांदा नव्हता, लसूण होता, म्हणून मला निमित्तही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी बायको घरी आली. गॅलरीतल्या सगळ्या दारांत माणसं उभी होती, आणि एकूणएक तोंडावर मास्क होता. कुणी सांगितलं नव्हतं, सक्ती नव्हती. बारशाचं ते बाळ तेवढं उघडं. ऑपरेशन महिनाभर पुढे गेलं, पण झालं आणि नीट झालं. तिचे केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. शेठनी मला आतल्या गादीवर परत बोलावलं. मी म्हटलं, मला दाराजवळच बरं वाटतं. त्या व्यापाऱ्याचीही मी फोन करून माफी मागितली. आयुष्यातली पहिली असेल. तो इतका घाबरला की त्याला वाटलं मी अजून काही बोलणार आहे.

कोविड काही गेला नाही. आता तो येतो आणि जातो, पडशासारखा, आणि पेपरात त्याचं नाव पण येत नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या चाळीत पुन्हा फिरला. आम्हा दोघांनाही एकदमच झाला. या वेळी वेगळं राहायचा प्रश्नच नव्हता. डॉक्टरला फोन करून विचारलं, ती म्हणाली, आता पेशी चांगल्या आहेत, गोळ्या घ्या, आराम करा, ताप मोजत राहा. मग आम्ही दार लोटून घरातच पडून राहिलो, दोन गाद्या शेजारी शेजारी. वहिनी खिडकीतून भाकरी आत सारायची आणि ओरडायची, "या वेळेला तरी चव सांगा भावजी, खरी खरी!"

एका दुपारी आम्ही दोघं छताकडे बघत पडलो होतो. थर्मामीटर तिच्या काखेत होता. मला एकदम आठवलं, म्हणून विचारलं, "गं, त्या वेळी तुला ताप नेमका कधी भरला? वहिनी म्हणाली, माझ्या फोननंतर."

ती म्हणाली, "नंतर नाय. आधीच."

"आधी म्हणजे?"

"तुमचो फोन इलो तेव्हा थर्मामीटर हातातच होतो माझ्या. एकशे एक. वैनीक हाक मारूक उठलंय, आणि तुमचो फोन वाजलो."

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिने डोळे मिटलेलेच होते. त्या गल्लीत भिंतीला टेकून मी जो आवाज ऐकला होता तो मला शब्दन्‌शब्द आठवत होता. त्यात ना घाई होती, ना कंप. अंगात एकशे एक ताप, मरणाची भीती समोर, आणि ती मला विचारत होती, तुमी जेवलास काय.